मालवणची मासळी खाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

आपल्या कोल्हापूर संस्थानाला एकेकाळी स्वतःचं बंदर होतं, आरमार होतं, आणि त्या बंदराचं नाव मालवण. आज मालवण म्हटलं की आपल्याला स्कुबा, तारकर्लीची वाळू आणि सुरमईची थाळी आठवते. घाटापलीकडचं ते गाव ऐंशीहून जास्त वर्षं करवीरच्या गादीचं होतं, हे आपल्या शाळांत कुणी सांगत नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. राजारामपुरीत आमची खानावळ आहे, मासळी विकत घेणं आणि रांधणं हे माझं रोजचं काम. पण ज्या गावावर आपलं ताट भरतं त्या गावाचं काय चाललंय यावर कोल्हापुरात कुणीच बोलत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. जमलं तर शेवटपर्यंत वाचा.

सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. मालवणच्या समोरच्या कुरटे बेटावर. मालवणचा किनारा बघितला असेल तर लक्षात येईल की ही जागा का निवडली. बंदरात शिरायच्या वाटेवर पाण्याखाली खडकच खडक. ज्याला वाट माहीत नाही त्याचं जहाज फुटणार. ती वाट माहीत होती इथल्या कोळ्यांना आणि गाबितांना. म्हणजे या किल्ल्याची पहिली तटबंदी म्हणजे मासेमारी करणाऱ्या माणसांचं ज्ञान, दगडाची भिंत नंतर आली. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. पुढं सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ चा वारणेचा तह आपल्याला वारणा नदीच्या हद्दीमुळं माहीत असतो, पण त्याच तहात साळशीपासून खालचा कोकणपट्टाही कोल्हापूरकडं आला. सिंधुदुर्ग आणि मालवण त्यातच.

त्यानंतरचं अर्धशतक कोल्हापूरचं आरमार अरबी समुद्रात इतकं जड होतं की मुंबईकर इंग्रजांनी त्याला चाचेगिरी ठरवलं. आपल्या बाजूनं बघितलं तर आपल्या पाण्यातून आपल्या परवान्याशिवाय जाणारी जहाजं अडवणं हा त्या काळचा राजहक्क होता. पोर्तुगीज तेच करत होते, इंग्रजही तेच करत होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. तेव्हा कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाईंच्या हातात होता. त्यांनी पुढच्याच वर्षी तह करून, पावणेचार लाखांच्या वर रुपये मोजून किल्ला परत मिळवला. त्या काळात ही रक्कम केवढी होती याचा विचार करा. एका बंदरासाठी करवीरच्या बाईनं एवढा पैसा मोजला, कारण बंदर गेलं की संस्थानाचं काय होतं हे त्यांना कळत होतं.

आणि १८१२ मध्ये ते गेलंच. एका बाजूनं पेशवे, दुसऱ्या बाजूनं निपाणीकर, चिकोडी-मनोळीचा मुलूख हातचा गेलेला. अशा अडचणीत कोल्हापूरनं ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनी संरक्षण देणार, बदल्यात मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीला. त्याच साली सावंतवाडीनं वेंगुर्लं सोडलं. एका वर्षात घाटावरच्या आणि तळकोकणातल्या दोन्ही संस्थानांची मोठी बंदरं गेली.

माझ्या मते कोल्हापूरच्या अर्थकारणाची दिशा तिथं बदलली. त्याआधी घाटवाटांवरून बैल चालायचे. गूळ, तांदूळ, मिरची खाली, आणि मीठ, नारळ, सुकी मासळी, सुपारी वर. फोंडा, बावडा, अणुस्कुरा, आंबा या वाटा व्यापाराच्या होत्या, आज त्या सहलीच्या झाल्या. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, गुळाचा व्यापार तिथं उभा राहिला आणि कोल्हापूरचं तोंड पुण्या-मुंबईकडं वळलं. त्यात वाईट काही नाही, त्यानंच हे शहर मोठं झालं. पण पश्चिमेकडं पाठ झाली ती झालीच. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची घोषणा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. शंभरेक किलोमीटरचा मार्ग, आणि अजून आपण त्याच्या बातम्याच वाचतोय.

मालवणचं पुढं काय झालं? बंदर उथळ आणि खडकाळ, मोठी जहाजं आत येत नाहीत. आगबोटींच्या काळात बोट लांब समुद्रात थांबायची आणि माणसं होडीतून जाऊन तिच्यावर चढायची. त्या बोटींनी मुंबई जवळ केली आणि गाव रिकामं केलं. गिरण्यांत, गोदीत, हॉटेलांत माणसं गेली, मनिऑर्डरीवर घरं चालली. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पण तिचं स्टेशन कुडाळला आणि कणकवलीला, मालवणला नाही. २०११ च्या जनगणनेत मालवण शहराची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत होती. आपल्या एखाद्या उपनगरात त्याहून जास्त माणसं राहतात. एवढ्या लहान शहरावर किल्ला, पर्यटन, सागरी अभयारण्य, मासेमारी, राजकारण सगळ्याचा भार आहे. १९८७ मध्ये तिथं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं. प्रवाळ, समुद्री जीव यांच्यासाठी ते गरजेचं होतं यात मला शंका नाही. पण मच्छीमारांना विश्वासात न घेता रेषा आखल्या की त्या रेषेचं रक्षण करायला मनापासून कुणी उभं राहत नाही. तिथले लोक अजूनही अभयारण्य म्हटलं की धास्तावतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रापण.

ज्यांनी मालवणमधल्या दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढताना बघितली नाही त्यांनी एकदा बघावी. होडीत जाळं भरतात, होडी समुद्रात अर्धगोल फिरवून जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन्ही बाजूंना वीस-तीस माणसं लागतात ओढायला, कधी त्याहून जास्त. म्हातारे असतात, पोरं असतात, बाया असतात. जाळं वर आलं की वाटणी. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, प्रत्येक माणसाचा वाटा, आणि सहज येऊन दोराला हात लावलेल्या माणसालाही कालवणापुरते चार बांगडे मिळतात. विधवा बाईच्या घरचा जाळीचा तुकडा त्या जाळ्यात असला तर तिलाही वाटा जातो. मी सहकाराच्या जिल्ह्यात वाढलो, माझ्या वडिलांचे शेअर्स साखर कारखान्यात आहेत. पण कायदा, निबंधक, निवडणूक काही नसताना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असा सहकार मी फक्त तिथं बघितला.

रापण एका गोष्टीवर चालते. बांगड्याचा, तारलीचा, पेडव्याचा थवा किनाऱ्याजवळ आला पाहिजे. रापणकर थव्याच्या मागं जाऊ शकत नाही, त्याला वाट बघावी लागते. आणि तो थवा आता अर्ध्या वाटेत उचलला जातो. पर्ससीन जाळं म्हणजे थव्याभोवती पडद्यासारखं सोडायचं आणि खालून बटव्याची नाडी ओढावी तसं आवळायचं. एका फेरीत टनांनी मासळी. फिशफाइंडर सांगतो थवा कुठं आहे. त्याच्या पुढची पायरी एलईडी. जनरेटर लावून रात्री समुद्रावर हजारो वॅटचा उजेड पाडायचा, मासळी उजेडाला गोळा होते, लहान-मोठी, अंड्यावरची, सगळी.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. पर्ससीनवर राज्यानं ५ फेब्रुवारी २०१६ ला अधिसूचना काढून निर्बंध आणले, परवानाधारक नौकांना राज्याच्या पाण्यात सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने. एलईडी वापरून मासेमारी करायला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेला. २०२५ मध्ये गस्तीला ड्रोन आले. आणि तरीही मालवणचे पारंपरिक मच्छीमार दर हंगामात आंदोलन करतात, कधी समुद्रातच एकमेकांवर धावून जातात, गुन्हे दाखल होतात, आणि कोर्टाच्या तारखांना जातात ते बहुतेक गरीब बाजूचेच लोक.

पर्ससीनवाल्यांचीही बाजू आहे, ती मी टाळत नाही. नौका, जाळं, इंजिन मिळून कर्जाचा आकडा लाखांत नाही, कोटीच्या जवळ जातो. डिझेल महाग, डिझेलचा परतावा वेळेवर मिळत नाही, खलाशी नेपाळहून आणि कर्नाटकातून आणावे लागतात, त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते. हप्ता थकला की माणूस बंदीच्या महिन्यातही समुद्राकडं बघतो. हे सगळं खरं आहे. पण एका नौकेचा हप्ता भागावा म्हणून शंभर घरांचा समुद्र रिकामा करायचा, हे मला मान्य नाही. बँकेनं कर्ज देताना आणि सरकारनं अनुदान देताना समुद्रात मासळी किती आहे हे बघितलं नाही, त्याची किंमत रापणकरानं का भरायची?

दांडीच्या एका रापणकर काकांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं, “मासळी दर्यात आसा भाऊ, पण ती किनाऱ्यार येवक व्हयी ना!” यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

त्यात वादळं. २००९ चं फयान, २०१९ मध्ये क्यार आणि लगेच पाठोपाठ महा, मे २०२१ मध्ये तौक्ते. तौक्तेत मालवणची छपरं उडाली, माडाची झाडं आडवी झाली, कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस वीज नव्हती, म्हणजे बर्फही नाही. बर्फ नसला की जी थोडी मासळी आहे तीही मातीमोल.

आता दर. हा भाग मला जवळून माहीत आहे.

किनाऱ्यावर मासळी उतरते आणि लिलाव होतो. दोन मिनिटांत. बोली लावणारे बहुतेक तेच ते व्यापारी, आणि बऱ्याच वेळा मच्छीमारानं त्यांच्याकडूनच उचल घेतलेली असते, त्यामुळं मासळी दुसऱ्याला देता येत नाही. तिथून बर्फात भरून पेट्या गाडीत, रात्री फोंडा किंवा गगनबावड्याच्या बाजूनं घाट चढायचा, पहाटे कोल्हापूर. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बरेच महिने बंद होता तेव्हा वळसा पडला, भाडं वाढलं, ते सगळं आपल्या दरात आलं. मच्छीमाराच्या दरात मात्र एक रुपया वाढला नव्हता. पहाटे मी जी सुरमई घेतो तिचा मला पडणारा दर आणि आदल्या दिवशी किनाऱ्यावर लागलेली बोली यात कधी दुप्पट, कधी त्याहून जास्त फरक असतो. मधल्या माणसाला बर्फ, गाडी, नासाडी सगळं धरावं लागतं, तो काही फुकट खात नाही. पण ज्या मालाचा दर ठरवताना तो काढणाऱ्याला तोंड उघडता येत नाही, तो धंदा बरोबर नाही. बांगडा भरमसाट आला की त्याला कुणी विचारत नाही, तो मासळीच्या भुकटीच्या कारखान्याकडं जातो.

आणि हे कोल्हापूरकरांना कळायला सगळ्यात सोपं असायला हवं! ऊसाचा दर मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसलोय, गाड्या अडवल्यात, लाठ्या खाल्ल्यात. आज ऊसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर व्याज लागतं. ते पूर्ण पाळलं जातं असं नाही, पण भांडायला कागद तरी हातात आहे. दुधाला गोकुळ आहे, १९६३ पासून. दोन लिटर दूध घालणाऱ्या बाईलाही फॅटप्रमाणं दर आणि दहा दिवसांनी बिल मिळतं. मासेमारीला एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं शेतीसारखा दर्जा दिला. चांगलं झालं, कर्ज, वीज, विमा यात फरक पडेल. पण शेतीसारखा दर्जा दिला तर शेतीसारखा दराचा हक्क कधी? हा प्रश्न विचारायला कोल्हापूरपेक्षा योग्य जिल्हा महाराष्ट्रात दुसरा नाही.

जून-जुलैबद्दल थोडं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते. पावसाळा हा बऱ्याच मासळीचा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट आहे, पण त्यांची मासळी गावातच संपते. मग आषाढ संपताना, श्रावण लागायच्या आत जी सुरमई कोल्हापुरात मिळते ती कुठली? काही शीतगृहातली. काही पूर्व किनाऱ्यावरची, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. आणि काही चोरून मारलेली, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक मागतं म्हणून ती येते. आमच्या खानावळीत या दोन महिन्यांत समुद्राची मासळी ठेवत नाही. गोड्या पाण्यातली मरळ, रोहू ठेवतो, सुका बांगडा आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, ठेवतो, अंडाकरी आणि मटण आहेच. गिऱ्हाईक काही तुटलं नाही. कारण विचारलं की सांगतो, आणि लोक ऐकून घेतात. आखाडाच्या जेवणावळीत मटणाचा बेत असताना सुरमईवाचून कुणाचं काही अडत नाही.

आकाराचंही तसंच. राज्य सरकारनं २०२३ मध्ये पन्नासहून जास्त जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. आणि तळहातापेक्षा लहान पापलेट आपल्या बाजारात ढिगानं मिळतं, ‘तळायला झक्कास’ म्हणून! एकदाही अंडी न घातलेला मासा आहे तो. पापलेटचा दर आभाळाला का भिडला असं विचारणाऱ्यांनी हे पिल्लू परत ठेवावं. कोल्हापूरच्या बाजारात उठाव नसेल तर व्यापारी ते भरणार नाही, आणि व्यापारी भरणार नाही तर नौकेवर ते ठेवायला बर्फ खर्च होणार नाही. एवढी ताकद गिऱ्हाइकात आहे, ऊसवाल्यांच्या जिल्ह्याला ती वेगळी सांगायला नको.

पर्यटनाबद्दल माझं मत मिसळलेलं आहे. मच्छीमारांच्या घरांत न्याहरी-निवास सुरू झाले, पोरं स्कुबाचे गाइड झाले, बायांच्या हातात रोख पैसा आला, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचा आनंद आहे. पण किनाऱ्यावर जिथं रापण ओढायची तिथं गाड्या आणि स्टॉल उभे राहिले तर जाळं ओढणार कुठं? २०२३ च्या नौदल दिनाला मालवणकडं सगळा देश बघत होता, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला तेव्हा सगळा महाराष्ट्र. दोन्ही वेळा कॅमेरे आले, नेते आले. त्यांच्या पाठीमागं, पाचशे पावलांवर, जाळी विणत बसलेल्या माणसांशी किती जण बोलले?

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. मालवणची रापण-संघातली मासळी थेट कोल्हापुरात यावी, मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावानं, ठरलेल्या किमान दरानं, आणि पैसे आठवड्यात त्यांच्या खात्यात. दूध गोळा करायची, थंड ठेवायची, पहाटे वाटायची यंत्रणा चालवायला या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. मासळी दुधापेक्षा लहरी आहे, रोज सारखी येत नाही, हे मला कळतं. म्हणून पहिल्या हंगामात फक्त बांगडा आणि तारली घ्यावी, जी सगळ्यात जास्त येते आणि जिला सगळ्यात कमी दर मिळतो. शहरातल्या दहा-पंधरा खानावळी आणि हॉटेलं ठरलेलं वजन उचलायला तयार झाली तरी एक गाडी रोज भरते. आमची खानावळ त्यात पहिली धरा. बांगडा तिरफळ घालून केला तर कोल्हापूरकर चाटूनपुसून खातो, हा माझा अनुभव आहे.

शहरातल्या तीन खानावळवाल्यांशी बोलणं झालंय, तिघंही तयार आहेत. मालवणच्या बाजूनं दांडी आणि देवबागमधल्या काही मंडळींनी हंगाम सुरू झाल्यावर बसू म्हटलंय. अडलंय ते दोन ठिकाणी. एक, रात्रभर थंड ठेवणारी गाडी, आणि दोन, सहकारी संस्थेचे हिशेब, परवाने, बिलं यातलं कळणारा माणूस. दूध संघात, बाजार समितीत किंवा कारखान्याच्या हिशेब खात्यात काम केलेले, आता निवृत्त झालेले कुणी काका-मामा हे वाचत असतील तर मला मेसेज करा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोंडा घाटानं खाली जाणार आहे, गाडीत तीन जागा आहेत.